आंबा उन्हाने पिकत नाही

फिनिक्सला राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईचे दोस्त हमखास विचारतात, "एवढं ऊन आहे, मग तिकडे आंबे धो धो येत असतील ना?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या डोक्यात ऊन आणि आंबा ही जोडी पक्की बसलेली असते. एप्रिल-मे, घामाच्या धारा, परीक्षा संपलेल्या, आणि खोलीभर आढीचा वास. मग जिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर पोचला, तिथे आंब्याची चंगळ असायला काय हरकत आहे?

उत्तर असं की आंबे येतात, पण उन्हामुळे येत नाहीत, उन्हाला तोंड देऊन येतात. इतकंच काय, झाडावरून उतरवलेला आंबा घरात पिकतो तोही उन्हाने किंवा उबेने पिकत नाही. वाळवंटात आंब्याचं झाड जगवायचं असेल तर भानगड मुळाशी असते, आणि फळ पिकवायचं असेल तर हवेत. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या कळायला माणसाला बराच काळ लागला. त्या कळण्याचा इतिहास मला फार मजेदार वाटतो. आणि त्याची सुरुवात चक्क आपल्या पुण्यात होते.

पुण्याची पार्सलं

१८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातून आंब्याची कलमं मागवली. ती पाठवली पुण्याहून, जी. मार्शल वुड्रो नावाच्या साहेबाने. हे वुड्रो सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सायन्स कॉलेज म्हणजे ज्याचं पुढे इंजिनियरिंग कॉलेज झालं तेच. (सीओईपीच्या मंडळींनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) ही सगळी भेट कलमं होती. म्हणजे कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल थोडी तासायची, एकमेकांना बांधायचं, आणि जुळली की फांदी मूळ झाडापासून तोडायची. खाली एकाचं मूळ, वर दुसऱ्याची फांदी.

ही कलमं आगबोटीने फ्लोरिडाला पोचली आणि लेक वर्थच्या काठावरच्या बागायतदारांना वाटली गेली. मग आली १८९४-९५ ची कुप्रसिद्ध थंडी. फ्लोरिडातली संत्री-मोसंबी झोपली, तिथे आंब्याचं काय! पुण्याच्या कलमांपैकी फक्त एक झाड वाचलं. एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकाच्या बागेतलं. जात होती 'मुळगोबा', म्हणजे दक्षिणेकडची मुलगोवा. १८९८ मध्ये त्याला फळ धरलं आणि तिथल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आंबा म्हणजे दोऱ्यांचा गुंता नव्हे.

पण मुळगोबा फ्लोरिडात रुळला नाही. स्वाद उत्तम, पण धरायचा फार कमी. मग कॅप्टन जॉन हेडन या निवृत्त लष्करी माणसाने १९०२ साली गेल यांच्या मुळगोबाची रोपं कोकोनट ग्रोव्हला लावली. कलमं नव्हे हं, कोयीपासून झालेली रोपं. पुढच्याच वर्षी कॅप्टन गेले. झाडं त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी सांभाळली, आणि १९१० मध्ये त्यांतल्या एका झाडाला लालबुंद गाल असलेलं भलं मोठं फळ लागलं. तो 'हेडन'. पुढे जनुकीय अभ्यासात दिसलं की हेडनची आई मुळगोबा असली तरी बाप बहुधा 'टर्पेंटाइन' नावाचा तिथला दोऱ्यादोऱ्यांचा गावठी आंबा होता. भर बागेत मधमाश्यांनी लावून दिलेलं आंतरजातीय लग्न!

हेडनच्या कोयीतून पुढे 'टॉमी अ‍ॅटकिन्स' आला. १९५० च्या दशकात फ्लोरिडाच्या आंबा मंडळींनी तो चवीला सुमार म्हणून पुन्हा पुन्हा नाकारला होता. पण हा पठ्ठ्या टिकायचा, ट्रकमध्ये मार खायचा, दिसायला झकास. बाजाराने चव मोजलीच नाही, टिकाऊपणा मोजला. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात जो लाल-हिरवा, दाताला दोरे देणारा आंबा दिसतो, तो बऱ्याचदा पुण्याच्या त्या पार्सलाचा पणतू असतो. बघा, आपलीच निर्यात, नंतर आपणच नाक मुरडतो :)

कलम म्हणजे कॉपी, कोय म्हणजे जुगार

या गोष्टीत एक तत्त्व दडलंय. भारतातले बहुतेक आंबे एकबीजी असतात. कोय लावली की एकच रोप येतं, आणि ते आई-बापाच्या मिश्रणातून आलेलं, म्हणजे अगदी नवं. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. कधी बरा, बहुधा यथातथा. म्हणून चव राखायची तर कलमच करावं लागतं. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्यावर कलमं बांधण्याचा सपाटा लावला त्यातूनच आपला हापूस टिकला. रत्नागिरीतला प्रत्येक हापूस हा कुठल्यातरी जुन्या झाडाचाच वाढलेला तुकडा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर कॉपी-पेस्ट.

याउलट आग्नेय आशियातले बरेच आंबे बहुबीजी असतात. एका कोयीतून तीन-चार रोपं फुटतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी निघतात. फिलिपाइन्सकडून मेक्सिकोत पोचलेला 'मनिला' या घराण्यातला, आणि इथल्या दुकानात मिळणारा पिवळा, चपटा 'अताउल्फो' पण बहुबीजीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मिठाचा हिशोब

आता वाळवंटात येऊ. आंब्याला मोहोर यायला थंड रात्री लागतात. फिनिक्सचा हिवाळा त्या पुरवतो. उन्हाळ्यातली उष्णताही मोठं झाड सोसतं, पाणी असेल तर. मग झाडं मरतात कशाने?

मिठाने. शहराच्या मधून जी नदी जाते (खरं तर जायची, आता पात्र बहुधा कोरडं असतं) तिचं नावच मुळी साल्ट रिव्हर. इथे होहोकाम लोकांनी शेकडो मैल कालवे खणून शतकानुशतकं शेती केली आणि साधारण १४५० च्या सुमारास ती वसाहत संपली. पूर, दुष्काळ, आपसातली भांडणं अशी बरीच कारणं अभ्यासक सांगतात. जमिनीत क्षार साचत जाणं हे त्यांतलंच एक. १८६७ च्या सुमारास जॅक स्विलिंग नावाच्या उद्योगी माणसाला ते जुने कालवे दिसले, आणि ते साफ करून त्याने पुन्हा पाणी खेळवलं. जुन्या संस्कृतीच्या राखेतून उठलेलं गाव म्हणून नाव पडलं फिनिक्स.

आज नळाला येणारं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं. ३३६ मैलांच्या कालव्यातून, चढावर पंप करत आणलेलं. त्यात लिटरमागे साधारण ६५० मिलिग्रॅम क्षार असतात. आता आपला पेशा आहे तर आकडेमोड करूच. समजा एका झाडाला आठवड्याला ५०० लिटर पाणी दिलं. वर्षाला २६,००० लिटर. म्हणजे त्या एका झाडाच्या बुंध्याशी आपण वर्षाला सोळा-सतरा किलो क्षार ओतला! पाणी उडून जातं, झाड पिऊन टाकतं, क्षार मात्र तिथेच राहतो.

कोकणात हा प्रश्न कधी उद्भवतच नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभ्या दगडातून सगळं धुऊन समुद्रात. फिनिक्सला पडतो जेमतेम १८० मिलिमीटर. त्यात जमीन चुनखडीची, खाली 'कॅलिची' नावाचा सिमेंटसारखा थर. पानांच्या कडा तांबूस होऊन करपायला लागल्या की इथले लोक म्हणतात "ऊन लागलं" आणि अजून थोडं थोडं पाणी घालतात. म्हणजे अजून थोडं थोडं मीठ. झाड चार-पाच महिन्यांत राम म्हणतं, आणि मालक म्हणतो की हापूस फक्त कोकणातच होतो.

हा प्रश्न पद्धतशीरपणे सोडवला तो इस्राएलने. त्यांच्याकडेही वाळवंट, खारं पाणी, चुनखडी. तिथल्या संशोधकांनी शेकडो गोड फळांच्या मागे न लागता मुळं तपासली. गाझित आणि काडमान या दोघांनी १९८० साली '१३-१' नावाचा खुंट जाहीर केला. बहुबीजी, म्हणजे कोयीतून हुबेहूब रोपं मिळणारा, आणि चुना व क्षार दोन्ही सोसणारा. याचं फळ कसं लागतं ते कुणी विचारत नाही. त्याच्यावर हवी ती जात बांधा.

म्हणजे हेडनच्या गोष्टीतला तिढा इथे सुटतो. कलम चव राखतं पण नव्या जागी हटून बसतं. कोय नव्या जागेशी जुळवून घेते पण चव हरवते. तर मग खाली कोय, वर कलम!

मग घरी काय करायचं?

मी जे करतो ते सांगतो. माझ्या बॅकयार्डात तीन झाडं आहेत, तिन्ही अताउल्फोच्या कोयीपासून जागेवरच वाढवलेली. कोयीचं कवच काढून आतलं बी जमिनीतच लावायचं, कारण कुंडीत वाढलेल्या झाडाचं सोटमूळ गोल फिरून बसतं. पहिले दोन उन्हाळे वर निम्मं ऊन अडवणारं हिरवं कापड, आणि खोडाला पातळ केलेला पांढरा रंग. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना चुना फासतात तसा. पाणी रोज कपभर नाही, तर थोड्या थोड्या दिवसांनी एकदम भरपूर, क्षार मुळांच्या खाली ढकलला जाईल इतकं. खत देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळायचं, कारण ते क्लोराइड. बुंध्याभोवती लाकडाच्या भुश्शाचा जाड थर. हिवाळ्यात पारा शून्याकडे झुकला की रात्री चादर पांघरायची.

झाड अंगठ्याएवढं जाड झालं की वसंतात पाचर कलम. हापूसची काडी हौशी लोकांकडे मिळते. कोकणात तर याहून सोपी 'कोय कलम' पद्धत आहे. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या तांबूस, कोवळ्या रोपावरच काडी बसवायची. वुड्रो साहेबांच्या भेट कलमापेक्षा फारच सुटसुटीत.

दुकानातल्या भारतीय हापूसची कोय मात्र लावू नका. २००७ साली भारतीय आंब्यांना अमेरिकेचं दार उघडलं ते एका अटीवर: कोयीतल्या किड्याचा धोका नको म्हणून निदान ४०० ग्रे इतका किरणांचा डोस. त्यासाठी सुरुवातीला आपल्या लासलगावचं केंद्र मान्य झालं, जे मुळात कांद्यासाठी होतं. किडा जातो, आणि कोयीचा जीवही जवळजवळ जातोच. त्या पेटीतला आंबा खायला येतो, रुजायला येत नाही.

लिंबं, स्टोव्ह आणि आढी

झाड झालं, फळ धरलं, खांदे भरले, देठाशी खळगा पडला, एखाद-दुसरा पाडाचा आंबा खाली आला. आता उतरवायचा आणि पिकवायचा. बाहेर ४३ डिग्री. गॅरेजमध्ये ठेवला तर दोन दिवसांत पिकेल, नाही का?

नाही! हीच चूक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या लिंबूवाल्यांनी केली होती. हिरवी लिंबं पिवळी करायला ते खोलीत रॉकेलचे स्टोव्ह लावायचे आणि समजायचे की उबेने रंग येतो. मग काहींनी धुराची कटकट नको म्हणून वाफेची स्वच्छ उष्णता आणली. खोली मस्त गरम, लिंबं मात्र हिरवीच्या हिरवी. १९१२ मध्ये सीव्हर्स आणि ट्रू या दोघांनी दाखवलं की काम उष्णतेने होत नाही, स्टोव्हच्या धुराने होतं. पुढे एफ. ई. डेनी यांनी १९२४ च्या सुमारास त्या धुरातला नेमका गडी पकडला: एथिलीन. त्याआधी १९०१ साली रशियात नेल्युबोव्हना प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या गॅसमधल्या याच वायूने वाकलेली वाटाण्याची रोपं दिसली होती. आणि १९३४ मध्ये गेन यांनी सिद्ध केलं की हा वायू सफरचंदासारखी फळं स्वतःच सोडतात. पिकणारं फळ शेजारच्याला निरोप देतं, "चल, वेळ झाली."

वाळवंटातल्या लोकांना हे शास्त्र न कळता जमलं होतं. इजिप्तमध्ये आपल्या उंबराचा एक भाऊबंद होतो. त्याची कच्ची फळं ते लोक झाडावरच चाकूने चिरायचे आणि ती तीन-चार दिवसांत पिकायची. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने हे लिहून ठेवलंय. जखम झाली की फळ एथिलीन सोडतं, हे आज आपल्याला माहीत आहे.

आणि आपली आढी? पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. आपल्याला वाटतं पेंढ्याची ऊब. थोडी ऊब असतेही, पण मुख्य काम असतं आंब्यांनी सोडलेला वायू त्यांच्यातच धरून ठेवायचं, आणि तरी श्वास घेण्याइतकी हवा जाऊ द्यायची. कार्बाइडवाले याचीच भ्रष्ट नक्कल करतात. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन हा एथिलीनचा तोतया, शिवाय सोबत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश. म्हणून भारतात कार्बाइडला बंदी आहे आणि एथिलीन मात्र १०० पीपीएमपर्यंत चालतो.

तापमानाचं म्हणाल तर आंबा सगळ्यात छान पिकतो २० ते २३ डिग्रीला. सत्तावीसच्या पुढे सालीवर डाग आणि उग्र चव. तिशीच्या वर पिकणं उलट अडखळतं. त्यामुळे माझी आढी गॅरेजात नसते, एसी लावलेल्या घरात असते. पेंढा इथे कुठला, म्हणून खोकं, वर्तमानपत्रं, दोन केळी, आणि रोज एकदा झाकण उघडून वास घेणं. वाळवंटात आंबा पिकवायला घर थंड करावं लागतं, हे आईला फोनवर पटवायला मला दोन सीझन लागले.

पण करायचं कशाला?

हा प्रश्न गंभीर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडोच्या पाण्यावर इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, आणि कपातीचा मोठा वाटा अ‍ॅरिझोनाच्याच डोक्यावर आला. अशा गावात आंब्याला पाणी घालणं ही चैन आहे, आणि मी ती चैन म्हणूनच करतो. लॉन काढून टाकलं, तीन झाडांवर थांबलो, चौथं लावणार नाही. "माझं एवढंसं पाणी" असं होहोकाम शेतकऱ्यालाही वाटलं असेल.

तरी तीन झाडं का? कारण मुलीला आंबा माहीत आहे तो पेटीतला, महागडा, वर्षातून दोनदा येणारा, ज्याची कोय रुजत नाही. तिला चव मिळते, पण झाड मिळत नाही. मोहोराचा वास, कैरी चोरणं, खोक्यात हात घालून पिकलेला शोधणं हे काही इम्पोर्ट होत नाही. आणि आपल्यासारख्या उपऱ्यांना झाड बरंच काही शिकवतं. वरची फांदी कितीही अस्सल असो, खालचं मूळ इथलं मीठ पचवणारं लागतं. नुसतं कलम आणून लावलं की दोन उन्हाळ्यांत वाळतं. आणि वर काडी बांधलीच नाही, तर फळ येतं, पण आपल्या ओळखीचं नसतं.

असो. हे फार तत्त्वज्ञान झालं. सध्या तीनपैकी दोन झाडांवर हापूसची काडी जगली आहे. तिसऱ्यावर बांधायची नाही असं मुलीने बजावलंय. तिला बघायचंय की त्या कोयीला तिच्या मनाने काय लागतं. माझी काही हरकत नाही. फ्लॉरेन्सबाई आठ वर्षं थांबल्या होत्या.